निवृत्तिवेतन आणि बालगीते

गाण्यालाही मालक असतो, ही गोष्ट आपल्या पिढीच्या गळी सहजासहजी उतरत नाही. घराला, शेताला, विहिरीच्या पाण्याच्या पाळीला मालक असतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो; परंतु आजीने पाळण्यापाशी म्हटलेल्या ओवीच्या खसऱ्यावर कोणाचे नाव चढले आहे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही. माझी नोकरीची वर्षे मध्यप्रदेश शासनाच्या वित्त विभागात, त्यातही बहुतेक कोषालयांत गेली. पैसा कोठून येतो आणि कोठे जातो हे पाहिल्यावाचून कागदावर सही करायची नाही, ही त्या खात्याची शिकवण. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मुलांच्या गाण्यांच्या एका व्यवसायाचा माग मी याच सवयीने काढत गेलो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जे सापडले ते या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे आज ज्या देशात वाढत आहेत, तेथीलच ही हकीगत आहे.

अमेरिकेत ‘किड्झ बॉप’ ही गाण्यांची मालिका घरोघरी ठाऊक आहे. मुलीकडे गेलो असता मोटारीत नातवंडांसाठी हीच गाणी लावलेली असत. ती मुलांसाठी रचलेली नसतात. त्या त्या वर्षी मोठ्यांत गाजत असलेली गाणी मुलांकडून पुन्हा गाऊन घ्यायची, आणि त्यांतील मद्य, शृंगार, शिवराळपणा यांचे उल्लेख गाळून किंवा बदलून ती निर्धोक करायची, असा हा मुख्यतः प्रकार आहे. चाल तीच, ठेका तोच. शब्द मात्र सोवळ्यात नेसवलेले.

या मालिकेचे जनक संगीतकार नव्हेत, वकील होते. क्लिफ चेनफेल्ड आणि क्रेग बालसम या दोघा मित्रांनी १९९० साली न्यूयॉर्क येथे ‘रेझर अँड टाय’ ही कंपनी काढली. जुन्या लोकप्रिय गाण्यांचे संग्रह करून ते दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या द्वारे, दूरध्वनीवर मागणी नोंदवून घेऊन विकायचे, हा त्यांचा आरंभीचा धंदा. पुढे दोघेही बाप झाले आणि त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अगदी तान्ह्यांसाठी गाणी आहेत, कुमारवयीनांसाठीही आहेत. परंतु मधल्या वयाची मुले मोठ्यांचीच गाणी ऐकतात आणि आईबाप मात्र शब्द कानांवर पडताच अस्वस्थ होतात. ही मधली रिकामी जागा त्यांनी हेरली. २००१च्या ऑक्टोबरात पहिला संग्रह बाजारात आला. त्यानंतरच्या वर्षांत या मालिकेचे वीसहून अधिक संग्रह अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पहिल्या दहांत गेले, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे एकूण विक्री दोन कोटी प्रतींच्या पलीकडे पोहोचली. पुढे आकाशवाणीसारखी स्वतंत्र वाहिनी आली, गावोगावचे कार्यक्रम आले, ब्रिटन व जर्मनीसाठी निराळे संच आले.

आता हिशेबनीसाच्या नजरेने पाहू. या धंद्यात कंपनीच्या मालकीचे नेमके काय आहे? गाणी तिची नाहीत. ती दुसऱ्या कवींची आणि संगीतकारांची. गायकही कायमचे नाहीत. आरंभीच्या संग्रहांत मुख्य आवाज प्रौढ गायकांचे आणि साथीला मुलांचा वृंद अशी योजना होती. पुढे मुलांचाच संच पुढे आणला गेला. परंतु मूल वाढते, त्याचा आवाज फुटतो, आणि त्याच्या जागी दुसरे येते. चेहरे बदलतात, पण वेष्टनावरील नाव तेच राहते. तेव्हा खऱ्या अर्थाने कंपनीची मालमत्ता दोनच: एक, स्वतः केलेले ध्वनिमुद्रण, आणि दुसरे, ते नाव. त्या नावात आईबापांना दिलेले एक आश्वासन आहे, की हे लावून तुम्ही निर्धास्त गाडी चालवा, मागच्या बाकावर नको तो शब्द जाणार नाही. हे आश्वासनच विकले जाते.

दुसऱ्याचे गाणे पुन्हा गाण्याची सोय अमेरिकेच्या कायद्यात फार जुनी आहे. गाण्यात दोन वेगळे हक्क मानलेले आहेत, एक शब्द-सुरांच्या रचनेचा आणि दुसरा विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. नवे ध्वनिमुद्रण केले की जुन्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जाण्याचे कारण उरत नाही. रचनेच्या मालकाला मात्र ठरलेल्या दराने मोबदला द्यावा लागतो. १९०९च्या कायद्याने हा दर प्रतीमागे दोन सेंट ठरवला, आणि तो जवळजवळ सत्तर वर्षे तसाच राहिला. २००६पासून तो पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ९.१ सेंट होता. २०२३ साली १२ सेंट झाला व त्यापुढे महागाईनुसार वाढू लागला. ९.१ सेंट हा दर प्रमाण धरला, तर पंधरा गाण्यांच्या एका संग्रहामागे साधारण एक डॉलर छत्तीस सेंट मूळ रचनाकारांच्या बाजूला जातात. एक मेख मात्र आहे. या सोयीखाली गाण्याची मूळ चाल किंवा त्याचा स्वभाव बदलता येत नाही. शब्द बदलायचे, तर मालकाची स्वतंत्र संमती लागते. म्हणजे सोवळे नेसवण्यासाठीही परवानगी घ्यावी लागते आणि ती नाकारलीही जाऊ शकते.

येथवर ही कथा दोन हुशार व्यावसायिकांची आहे. २०१५ साली ‘कॉन्कॉर्ड’ या संगीत कंपनीने त्यांच्याशी भागीदारी केली आणि २०१८च्या आरंभी उरलेला हिस्साही विकत घेतला. संस्थापक बाजूला झाले आणि ‘किड्झ बॉप’ एका मोठ्या भांडारात जमा झाली. कॉन्कॉर्डचा उगम कॅलिफोर्नियातील त्याच नावाच्या गावी, १९७०च्या दशकाच्या आरंभी, जाझ संगीताचा नाद असलेल्या एका मोटारविक्रेत्याने काढलेल्या ध्वनिमुद्रण कंपनीत आहे. विलीनीकरणे आणि खरेद्या होत होत ती एवढी वाढली, की २०१७ साली रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीच्या संगीतिकांचे हक्कही तिच्याकडे आले. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ त्यांचेच. गुलजारांचा ‘परिचय’ (१९७२) पाहिलेल्यांना त्या कथेची सावली आठवेल.

आणि या कॉन्कॉर्डमागे भांडवल कोणाचे? हा प्रश्न विचारताना माझ्या मनात एखाद्या धनाढ्याचे चित्र होते. उत्तर निराळेच निघाले. या कंपनीत प्रमुख गुंतवणूक होती ती अमेरिकेच्या मिशिगन राज्याच्या निवृत्तिवेतन व्यवस्थेची. तेथील शाळांचे शिक्षक, शासकीय कर्मचारी, राज्य पोलीस आणि न्यायाधीश यांच्या म्हातारपणाची बेगमी करणारा तो निधी. म्हणजे मोटारीच्या मागच्या बाकावर बसून माझा नातू जे गाणे ऐकत होता, त्याच्या कमाईचा एक बारीकसा धागा मिशिगनमधल्या कोण्या निवृत्त शिक्षिकेच्या किंवा कोषालयातल्या माझ्यासारख्याच कोण्या कारकुनाच्या महिन्याच्या रकमेपर्यंत जात होता. त्या बिचाऱ्याला आपण बालगीतांचे मालक आहोत, याची वार्ताही नसेल.

निवृत्तिवेतनाच्या निधीला गाण्यांत रस का असावा? कारण गाजलेले गाणे हे जुन्या आमराईसारखे असते. कलमे कधीच धरलेली, आता दरसाल फळ. शेअर बाजार कोसळला म्हणून लोक गाणी ऐकायचे थांबत नाहीत. या उत्पन्नावर कर्जही उभे राहते. २०२२च्या डिसेंबरात कॉन्कॉर्डने दहा लाखांहून अधिक गीतांच्या हक्कांवर सुमारे १८० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढले आणि ‘अपोलो’ या वित्तसंस्थेने त्यात पुढाकार घेतला. आपल्याकडे शेतकरी उभ्या पिकावर सावकाराकडून उचल घेतो, तोच हा व्यवहार. फक्त पीक सुरांचे.

हे वाचताना माझे स्वतःचे निवृत्तिवेतन डोळ्यांपुढे येणे अपरिहार्य होते. ते कोणत्याही गुंतवणुकीतून येत नाही. राज्याच्या संचित निधीतून, म्हणजे आज काम करणाऱ्यांनी भरलेल्या करांतून येते. परंतु माझ्यानंतर आलेल्यांचे तसे नाही. मध्यप्रदेशात १ जानेवारी २००५पासून रुजू झालेल्यांना नवी अंशदायी योजना लागू झाली. त्यांच्या पगारातून कापलेला पैसा व्यवस्थापकांच्या हाती जातो, रोख्यांत जातो आणि ठराविक मर्यादेत शेअर बाजारातही जातो. मिशिगनने ३१ मार्च १९९७पासून आपल्या नव्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी निश्चित निवृत्तिवेतनाचे दार लावून घेतले होतेच. जग एकाच दिशेने चालले आहे. माझ्या हाताखाली काम केलेली मुले उद्या निवृत्त होतील, तेव्हा त्यांचे म्हातारपण कशावर पोसले जात आहे हे त्यांनाही ठाऊक नसेल. कदाचित ते कुणा लहान मुलाच्या करमणुकीवर पोसले जाईल. यात पाप आहे असे मी म्हणत नाही. म्हाताऱ्यांना भाकर हवी आणि निधी सांभाळणाऱ्यांनी ती बुडणार नाही अशाच ठिकाणी पैसा ठेवायला हवा, हे मी आयुष्यभर मानत आलो.

पण येथेच मन अडखळते. या साखळीच्या एका टोकाला आईबाप आहेत. त्यांना निर्धोक शब्द हवे आहेत. दुसऱ्या टोकाला निवृत्त माणसे आहेत. त्यांना निर्धोक उत्पन्न हवे आहे. दोघांचीही मागणी रास्त आहे. परंतु या दोन सुरक्षिततांच्या मध्ये एक गोष्ट घडायची राहून जाते, आणि ती म्हणजे मुलांसाठी नवे गाणे. नवे गाणे बेभरवशाचे. ते चालेल की पडेल, कोणी सांगावे? गाजलेले गाणे उचलावे, त्यातले काटे काढावे आणि मुलाच्या हाती द्यावे, हे हिशेबाला धरून आहे. अशा गाण्यात मुलाला टोचेल असे काही उरत नाही हे खरे. पण मुलाचे स्वतःचे असेही काही त्यात नसते. पाऊस, आजोळ, चिमणी, खोटे खोटे भांडण, हे त्याचे जग मोठ्यांच्या प्रेमगीतांतले चार शब्द गाळून कसे बरे निर्माण होणार?

आपल्याकडचा कायदा याबाबत अधिक कडक आहे. भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीनुसार, दुसऱ्याचे गाणे कायद्याच्या सोयीखाली पुन्हा ध्वनिमुद्रित करायचे, तर पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर आणखी पाच वर्षे थांबावे लागते, शब्दांत वा सुरांत मनमानी बदल करता येत नाही आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचा मोबदला द्यावा लागतो. तेव्हा ‘किड्झ बॉप’सारखा प्रयोग येथे मालकाच्या संमतीवाचून शक्य नाही. आपल्या बालगीतांनाही मालक आहेतच. ‘देवबाप्पा’ (१९५३) चित्रपटातले ‘नाच रे मोरा’ घ्या. गीत गदिमांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचे, आवाज आशाताईंचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे येथे २०१३ अखेर. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या निधनानंतर साठ वर्षे, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत, आणि पु. ल. २००० साली गेले, तेव्हा चालीचा हक्क २०६० अखेरपर्यंत. तीन मिनिटांच्या गाण्याला तीन निरनिराळ्या मुदती! पण या सर्व मुदतींच्या आधी कोणीतरी ते गाणे मुलांसाठी नव्याने लिहिले, कोणीतरी नव्याने चाल लावली आणि कोणीतरी त्यासाठी पैसा घातला, हे विसरता येत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा बेळगाव येथल्या आपल्यासारख्या घरांना या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी मराठी गाणे करण्यात कोणत्याही निधीला फायदा दिसणार नाही. मिशिगनचा शिक्षक आपल्या मदतीला येणार नाही, आणि त्याने यावे तरी का? ज्या मालाला बाजार नाही, त्याचा भार समाजाने उचलायचा असतो. आपल्या पूर्वजांनी वाचनालये आणि शाळा अशाच, वर्गण्या गोळा करून चालवल्या.

म्हणून एक सूचना मांडतो. आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात मुले चित्रपटगीतांवर नाचतात, आणि आयोजक त्यातल्या त्यात ‘बरे’ शब्द असलेले गाणे निवडतात. तेही एक प्रकारचे किड्झ बॉपच झाले. त्याऐवजी प्रत्येक मंडळाने वर्षाला एक नवे मराठी बालगीत आपल्या गावातल्या कवीकडून लिहवून घ्यावे, आपल्याच संगीतशिक्षकाकडून त्याला चाल लावून घ्यावी, आणि दोघांनाही रीतसर मानधन द्यावे; फुकट करून घेऊ नये. हक्क लेखक-संगीतकारांकडेच ठेवून इतर मंडळांना ते गाण्याची मुभा लेखी द्यावी. खर्च फार नाही. मांडवाच्या रोषणाईत एवढा पैसा दरवर्षी जातो. आपल्यात निवृत्तिवेतनधारक पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्याच्या रकमेतून थोडेसे बाजूला काढले, तरी एका गाण्याची सोय सहज होईल. माझ्या वाट्याची वर्गणी मी या महिन्यापासून आमच्या मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे जमा करीत आहे. त्यांनी पावती तेवढी द्यावी.