इंजिनाला ऊब लागते

मोठ्या मालवाहू जहाजाचं मुख्य इंजिन नीट चाललेलं असतं तेव्हा सिलिंडरभोवतीच्या जाकिटातून बाहेर पडणारं पाणी साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअस असतं. मी ज्या जहाजावर चौथा इंजिनिअर होतो तिथं ते ८२ वर ठेवत. वंगणतेल इंजिनात शिरताना ४५ च्या आसपास, कूलरमधून येणारं गोडं पाणी ३६, सिलिंडरमधून निघणारा धूर साडेतीनशेच्या वरखाली. नवीन आलेली पोरं हे आकडे पाठ करतात आणि सगळं लक्ष वरच्या टोकाकडे ठेवतात. ९० ओलांडेल का, अलार्म वाजेल का, एवढीच धास्ती. इंजिन कमी तापलं तरी आजारी पडतं, हे त्यांच्या गळी उतरवायला फार वेळ लागतो. मला ते गोदावरीच्या काठानं आधीच शिकवलं होतं.

मी धर्माबाद तालुक्यातला. धर्माबाद म्हटलं की बाहेरच्यांना लाल मिरचीचा बाजार आठवतो, रेल्वेनं जाणाऱ्यांना पुढचं बासर आणि तिथली सरस्वती. समुद्र कुठल्याही दिशेनं दूरच. पण नदी आहे, आणि नदीवरून पाणी उचलायला डिझेल इंजिनं होती. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला डिझेल इंजिन बैलजोडीइतकं ओळखीचं झालं. गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा माझ्या लहानपणी नव्हता. आता सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात आणि नंतर पाणी अडतं. तेव्हा मात्र उन्हाळ्यात पात्र जसं आटेल तसं इंजिन पाण्यामागं ओढत न्यावं लागायचं.

त्या इंजिनाची थंड होण्याची सोय फार साधी होती. पंपाच्या पाइपातून एक बारीक नळी काढून इंजिनाच्या जाकिटात सोडलेली, दुसऱ्या बाजूनं गरम पाणी पाटात पडायचं. जवळपास सगळेजण त्या नळीची तोटी पूर्ण उघडी ठेवत. गार राहिलं म्हणजे टिकतं, असा सगळ्यांचा समज. माझे काका मात्र तोटी अर्ध्यावर आणून बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरत. हात जेमतेम सोसेल एवढी धार गरम झाली की तोटीला हात लावायचा नाही. साठ अंशांच्या पुढं माणसाला हात ठेवता येत नाही, हे मोजमाप त्यांना माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं.

मी एकदा विचारलं, "काका, आणखी गार केलं तर काय बिघडते?"

"तेल बघ की," ते म्हणाले. गार चालवलेल्या शेजारच्या इंजिनाचं तेल काढलं तेव्हा ते दाखवायला घेऊन गेले. झाकणाच्या आत पिवळट, साबणाच्या फेसासारखा राप बसला होता. जळणातून तयार झालेली वाफ थंड भिंतींवर पाणी होऊन तेलात मिसळली होती. डिझेल नीट जळत नव्हतं, धूर पांढरा होता, आणि लायनर त्या इंजिनाच्या वयाच्या मानानं फारच झिजला होता.

त्याच काठावरची आणखी एक गोष्ट मला जहाजावर पदोपदी उपयोगी पडली. एका दुपारी फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकून पंपाचं पाणी तुटलं. पाटात पडणारी धार थांबली, इंजिनाचा आवाज जड झाला, रंग करपल्याचा वास सुटला. शेजारी बादली घेऊन धावला. काका ओरडले, "टाकू नका पाणी, हेड तडकते!" त्यांनी आधी पंपाचा पट्टा उतरवून भार काढला, इंजिन जरा वेळ तसंच हळू फिरू दिलं, मग बंद केलं आणि आपोआप निवेपर्यंत कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की जे होतं, तेच ओतीव लोखंडाचं होतं. उष्णता सगळीकडे सारखी चढली-उतरली तर धातू सोसतो. एक बाजू अचानक आकसली की भेग पडते.

नांदेडला मेकॅनिकलची पदवी घेतली, नंतर जहाजाच्या इंजिनिअरिंगचा वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि बोटीवर गेलो. तिथं काकांच्या तोटीचं मोठं रूप भेटलं. सुटण्याच्या कितीतरी तास आधी जाकिटातलं पाणी गरम करून इंजिनभर फिरवत ठेवतात. थंड इंजिनाला थेट किक मारत नाहीत. समुद्राचं पाणी इंजिनात जाऊ देत नाहीत, कारण ते पन्नास-पंचावन्नच्या पुढं तापलं की त्यातले क्षार धातूवर बसू लागतात. म्हणून इंजिनात औषध घातलेलं गोडं पाणी फिरतं आणि त्याची उष्णता कूलरमध्ये समुद्राच्या पाण्याला दिली जाते.

थंडीचा धोकाही तिथं मोठ्या मापानं दिसला. जड इंधनात गंधक असतं. लायनरची भिंत पुरेशी गरम नसेल तर जळलेल्या वायूंतून तिच्यावर गंधकाम्ल उतरतं आणि लोखंड खातं. २००८ च्या मंदीनंतर इंधन वाचवायला जहाजं मुद्दाम हळू चालवली जाऊ लागली तेव्हा ही झीज इतकी वाढली, की इंजिन बनवणाऱ्यांनी जाकिटाच्या पाण्याचं तापमान चढवण्याच्या सूचना काढल्या. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, त्यामुळं आम्ल कमी झालं; भिंत कोमट ठेवून चालत नाही हे तत्त्व तेच राहिलं.

तापण्याचा खरा धडा हुगळीत मिळाला. कोळसा घेऊन आम्ही हल्दियाला चाललो होतो, पायलट जहाजावर होता, नदी गढूळ. उथळ पाण्यात तळाचा चिखल ओढला जाऊ नये म्हणून पाणी घेण्याचं वरचं तोंड उघडलेलं होतं, तरी गाळ येणारच होता. कंट्रोल रूममधला जाकिटाचा काटा ८२ वर शांत होता. माझ्याबरोबर खाली रत्नागिरीचे एक जुने मोटरमन होते. ते समुद्राच्या पाण्याच्या पंपापाशी थांबले, त्याच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "साहेब, ह्याची सुई थरथरतेय. आणि तो व्हॉल्व्ह बघा."

जाकिटाच्या पाण्याचा तीन तोंडांचा स्वयंचलित व्हॉल्व्ह एरवी अर्ध्यापेक्षा कमी उघडा असायचा. आता तो जवळजवळ पूर्ण कूलरकडे उघडला होता. ८२ चा आकडा खोटा नव्हता, पण तो टिकवायला व्हॉल्व्हनं आपली सगळी ताकद लावली होती. तो टोकाला पोचला की पुढं अडवणारं काहीच नव्हतं. कूलरचं गोडं पाणी ३६ वरून ४० वर आलेलं, वंगणतेल ४८ वर.

पंपाच्या मागं अडलं तर दाब पडतो आणि सुई थरथरते. कूलर चोंदला तर त्याच्या अलीकडचा दाब चढतो. इथं पहिली खूण होती, म्हणजे गाळणी. सेकंड इंजिनिअर साहेबांनी ब्रिजला सांगून एक पायरी वेग कमी करून घेतला. नदीत इंजिन थांबवता येत नाही, वळण घेण्यापुरता तरी वेग लागतोच. आम्ही दुसऱ्या बाजूच्या गाळणीवर पाणी वळवलं आणि पहिलीचं झाकण उघडलं. आत चिखल, दोरखंडाचे तंतू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. सुई स्थिर झाली, पण गोडं पाणी ३८ च्या खाली येईना, म्हणजे गाळ कूलरच्या पत्र्यांपर्यंत पोचला होता. हल्दियाच्या लॉकगेटातून आत शिरेपर्यंत आम्ही त्याच कमी वेगावर, सगळे आकडे दर काही मिनिटांनी लिहीत आलो.

धक्क्याला लागल्यावर कूलर उघडला. पत्र्यांच्या खाचांत गोदावरीच्या गाळासारखाच मऊ, राखी चिखल भरला होता. तो काढून, पत्रे धुऊन परत बसवायला रात्र गेली. सकाळी चीफ इंजिनिअर साहेबांनी वॉचच्या नोंदवहीत जाकिटाच्या तापमानाशेजारी व्हॉल्व्ह किती टक्के उघडा आहे याचा नवा रकाना आखायला लावला, आणि पहिली नोंद त्या मोटरमनच्या हातून करून घेतली.