मोत्याचे ताट



गेल्या वर्षी आमच्या घरात मोठा वाद झाला. ग्रीन कार्डवरून नाही, मुलीच्या कॉलेजवरून नाही, तर मोत्याच्या जेवणावरून! मोत्या म्हणजे आमचा सहा वर्षांचा लॅब्रॅडोर. एप्रिल आला की पंजे चाटायचा, कान खाजवून लाल करायचा. पार्कात भेटणाऱ्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, "ड्राय फूड बंद करा, कच्चे मांस द्या. कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच."

मला पटले. चिकनच्या दहा पौंड तंगड्या आणून फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी ठेवल्या. बायको म्हणाली, "एक तर हे राहील, नाहीतर माझा नारळ."

मग जरा वाचायला बसलो. २०१३ साली स्वीडिश संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. आई म्हणाली, "हे सांगायला स्वीडन कशाला? आपल्या वाड्यातला काळू भाकरीवर चौदा वर्षं जगला."

पण खरा प्रश्न आईचाच होता. संधिवातासाठी ती मेथोट्रेक्सेट घेते, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी. मोत्या दिवसभर तिच्या पायाशी. तो तिचे हात चाटणार आणि त्याच हातांनी ती कणीक मळणार. हात धुते म्हणा, पण किती वेळा धुणार? एफडीएने २०१० ते २०१२ मध्ये कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले; १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. फ्रीजरमध्ये हे जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून जंतू घरभर होऊ शकतात. त्यात २०२४ च्या अखेरीस ओरेगनमध्ये कच्च्या खाद्यातून बर्ड फ्लू होऊन एक मांजर दगावले.

ड्राय फूड अगदी सोवळ्यातले, असेही नाही हं. २०१२ मध्ये कोरड्या खाद्यातूनही इथे माणसांना साल्मोनेलाची लागण झाली होती. म्हणजे वाडगे आणि हात दोन्हीकडे धुवायचेच. पण कच्च्यात धोका जास्त, हे मान्य करावे लागले.

शेवटी व्हेटबाईंकडे गेलो. त्यांनी विचारले, "खाज दर एप्रिललाच येते ना? मग परागकण असणार. अन्नाची ॲलर्जी ऋतू बघून येत नाही. आणि असलीच, तर बहुधा बीफ, दूध नाहीतर चिकनची." म्हणजे मी औषध समजून आणले होते तेच कदाचित दुखणे ठरले असते!

आता मोत्याला औषध चालू आहे आणि ताटात ड्राय फूड. पिशवीवर 'संपूर्ण व संतुलित आहार' असे लिहिले आहे ना, एवढे मी बघून घेतो. वर चमचाभर उकडलेले चिकन. आईला एकच पथ्य: कांदा, लसूण आणि शिऱ्यातले बेदाणे त्याला द्यायचे नाहीत. ती कुरकुरते, पण पाळते.

मंडळी, ज्याच्या-त्याच्या घरातली माणसे वेगळी, तेव्हा निर्णयही वेगळा असेल. मी मात्र महिनाभर फक्त कुत्र्याचा विचार करत होतो आणि त्याच्याशेजारी बसलेली आई मला दिसलीच नव्हती.

असो. त्या दहा पौंड तंगड्यांचा रविवारी झणझणीत रस्सा झाला. मोत्याला त्यातले काही मिळाले नाही. कांदा होता ना!

लोभ असावा,
मोत्याचा बाबा
न्यू जर्सी