वंचित राहणे, वंचित ठेवणे

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘शेकडो मतदार मतदानापासून वंचित’. त्यात क्रियापदच नाही. केंद्रावरून परत आलेल्या शेजारच्या आजी मात्र म्हणाल्या होत्या, “माझं नाव उडवलंय गं त्यांनी.” कुणीतरी काहीतरी केलं, हे आजींच्या वाक्यात आहे.

मी अनुवादक आहे. ‘डिसएन्फ्रँचाइज’ आलं की ‘मताधिकार’ चटकन सुचतो, अडतं ते क्रियापदाशी. आधी पाहावं लागतं, हक्क गेला कसा आणि नेला कुणी.

अमेरिकेत १८७० साली पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी मतदान कर आणि साक्षरतेच्या परीक्षा लादून कृष्णवर्णीयांचा तोच हक्क काढून घेतला. इथे ‘हिरावला’ शोभतं, कारण दिलेलं परत घेतलं.

आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांविषयी मी एकदा ‘मताधिकार गमावला’ असं लिहिलं आणि खोडलं. गमावणं आपल्या हातून होतं. यांचा तर गुन्हाही शाबीत झालेला नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम ६२(५) तुरुंगातल्या माणसाला मत देऊ देत नाही, पण यादीतलं त्याचं नाव कायम राहतं. म्हणून साधंच लिहिलं, ‘कायदा त्यांना मत देऊ देत नाही.’

सर्वांत जास्त अडले ती १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपाशी. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांत अनेक स्त्रियांनी नोंदणीसाठी आलेल्या परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःच्या नावाचाच आग्रह धरला. तो मला आजही योग्य वाटतो. तरी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली.

‘वंचित राहिल्या’ लिहिलं, तर गाडी चुकून मागे राहावं तसं वाटतं. ‘आयोगाने वंचित ठेवलं’ म्हटलं, तर त्यांची जीभ बांधणारी रीत नामानिराळी सुटते. शेवटी लिहिलं, ‘स्वतःचं नाव घेऊ न देणाऱ्या रीतीने आणि नावावाचून नोंद न करणाऱ्या नियमाने मिळून या स्त्रियांना मतदानापासून दूर ठेवलं.’

संपादकांनी वाक्य आखूड करायला सांगितलं. मी नाही केलं. २८ लाख जणींना यादीत जागा मिळाली नव्हती. वाक्यात तरी ती पुरेशी हवी.