गाडी धुताना सापडलेले दुखणे

रविवारची सकाळ आणि आमची गाडी यांचे नाते बाबांनी जुळवले. माझे वडील आज ८१ वर्षांचे आहेत. मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये त्यांची सारी नोकरी डब्यांच्या दुरुस्तीत गेली. निवृत्तीनंतर डोंबिवलीतील आमच्या इमारतीच्या खाली उभी असलेली गाडी हाच त्यांचा डबा झाला. दोन बादल्या पाणी, एक मऊ फडके, एक कोरडे फडके आणि तासभर वेळ. टपापासून सुरुवात, चाकांनी शेवट. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

आम्ही औद्योगिक वसाहतीपासून फार दूर राहत नाही. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये येथील एक रस्ता गुलाबी झाला, हे वाचकांना आठवत असेल. गाडीच्या टपावरून बोट फिरवून बाबा म्हणत, "तुझ्या दम्याच्या पेशंटांना हे दाखव." त्यांच्या दृष्टीने गाडी धुणे म्हणजे केवळ स्वच्छता नव्हती, आठवड्याच्या हवेचा तो अहवाल होता.

गेल्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आले, की गाडीचा वरचा भाग लखलखीत असतो, पण चाके आणि दाराखालच्या पट्ट्या तशाच मळलेल्या राहतात. मी मनाशी निदान करून टाकले. वय झाले, कंबर वाकत नाही, उत्साह ओसरला. ठाण्याला राहणाऱ्या बहिणीशी बोललो, तीही म्हणाली, "आता पुरे कर त्यांचे ते काम." मग मी घरी गाडी धुण्याचे यंत्र विकत आणले. पाण्याचा जोरदार फवारा मारणारा पंप, लांब नळी, पिस्तुलासारखी मूठ आणि साबणाचा फेस करणारी बाटली.

सोसायटीच्या चिटणीसांची परवानगी घेऊन एका रविवारी आम्ही ते लावून पाहिले. बाबा खुर्ची टाकून बसले होते. यंत्राने काम चोख केले, हे मान्य करायला हवे. पंख्यासारखा पसरट फवारा हातभर अंतरावरून मारला, की चाकांतला वाळलेला चिखल आपोआप गळून पडतो. फेस पाच मिनिटे राहू दिला, तर धूळ सुटते आणि फडक्याने घासताना रंगावर ओरखडे उठत नाहीत. गाडी सावलीत असावी, नाही तर साबण वाळून डाग राहतात. कपडे धुण्याची पावडर मात्र वापरू नये, तिने रंगावरचा मेणाचा थर जातो.

बाबांनी यंत्रावरची पट्टी वाचली. मिनिटाला साडेसहा लिटर पाणी. मी फवारा सुमारे पंधरा मिनिटे चालवला होता. "म्हणजे जवळपास शंभर लिटर," ते म्हणाले. "माझ्या दोन बादल्या तीस लिटरच्या. पाणीकपातीच्या दिवशी टँकरचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा?" मी हसलो, पण हिशेब त्यांचाच बरोबर होता.

त्यानंतर जे घडले, त्यासाठी हा लेख लिहीत आहे. चाक खरेच स्वच्छ झाले का, हे पाहायला बाबा खुर्चीतून उठले आणि खाली वाकले. पुन्हा सरळ होताना त्यांचा तोल गेला. त्यांनी बॉनेट घट्ट धरले, डोळे मिटले आणि काही क्षण तसेच उभे राहिले. मी यंत्र बंद करून धावलो. ओल्या फरशीवर पाय घसरला असेल, असे मला वाटले. पण त्यांच्या पायाखालची फरशी कोरडी होती.

"बाबा, चक्कर आली का?"

"वाकून उठलो, की येते. दोन महिने झाले. म्हणून तर चाके सोडली."

"मग मला सांगितले का नाही?"

"सांगितले असते, तर तू माझी बादलीच काढून घेतली असतीस."

या उत्तरावर माझ्याकडे शब्द नव्हते. बादली तर मी न सांगताच काढून घेतली होती.

घरी जाऊन त्यांना पाच मिनिटे पलंगावर आडवे केले आणि रक्तदाब मोजला. १३८/७८. मग उभे करून एका मिनिटाने पुन्हा मोजला. ११२/६६. वरचा आकडा २६ने आणि खालचा १२ने उतरला होता. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला आम्ही उभे राहिल्यावर रक्तदाब घसरणे म्हणतो. रक्त पायांकडे ओढले जाते, वयोमानाने नसा त्याला पुरेशा वेगाने आवर घालू शकत नाहीत आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. रक्तदाबाची गोळी त्यांना मीच देत होतो. प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केलेली गोळीही रक्तवाहिन्या सैल करणारी होती. दोन्ही एकत्र आल्या, तेव्हा मी त्यांचा रक्तदाब प्रत्येक वेळी खुर्चीत बसवूनच मोजत राहिलो. दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना मी उभे करून तपासतो. घरातल्या ज्येष्ठाला तपासायचे राहून गेले.

त्या डॉक्टरांशी बोलून गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलली. वाचकांनी असा बदल स्वतःहून करू नये. औषध एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते. घरात मात्र एवढे करता येते. आडव्या स्थितीत, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून वहीत लिहावा. मोजताना कोणीतरी शेजारी उभे असावे. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटे बसावे, पावले वर-खाली हलवावीत आणि मगच उभे राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दिवसभरात पुरेसे पाणी प्यावे. अशी घसरण हे पडण्याचे, आणि पुढे खुब्याचे हाड मोडण्याचे, एक कारण आहे.

यंत्राबद्दलही दोन शब्द. अशा लहान यंत्रांचा दाब बहुधा शंभर बारच्या वर असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या चाळीस पटींहून अधिक. फवारा हातापायावर घेऊन माती धुण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाणी त्वचा भेदून आत जाऊ शकते. बाहेर टिचभर जखम दिसते, आत मात्र इजा मोठी असते. असे झाल्यास मलम लावून वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे यंत्र हाती धरू नये. चालू करताच मूठ मागे झटका देते, तोही अशक्त मनगटाला पेलत नाही. पाय बंद, न घसरणाऱ्या चपलांत असावेत आणि विजेच्या जोडणीला गळतीच्या वेळी प्रवाह तोडणारे स्विच असावे. तारेचा जोड पाण्यात पडू देऊ नये.

आता आमची वाटणी ठरली आहे. यंत्र महिन्यातून एकदा, फक्त चाकांसाठी आणि तेही माझ्या हातात. बाकीचे तीन रविवार बादलीचे. बाबा जड लाकडी स्टुलावर बसून दारे आणि काचा पुसतात, उठताना गाडीला धरून मनात तीस आकडे मोजतात. टप माझ्याकडे आहे. परवा काम संपवून मी फडके पिळत होतो, तोच त्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, डावे मागचे चाक राहिले."

मी वाकलो आणि ते पुसले.