मशीनची मेमरी आणि आपली स्मृती

'भारी लॅपटॉप नाही, म्हणून व्हिडिओ झाला नाही,' हे वाक्य चळवळीत वारंवार ऐकू येते. आम्हाला ते मान्य नाही.

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे रामदासांचे जन्मगाव. त्यांचे ग्रंथ मठांनी नकलून जपले, म्हणून आजही वाचले जातात. आमच्या माणसांचे कोणी जपले? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. तेव्हा विशीत असलेला १९७८ चा कार्यकर्ता आज सत्तरीकडे झुकला आहे. म्हणून आम्ही जांब समर्थ आणि आसपासच्या गावांतील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती मोबाइलवर चित्रित करतो. साधन एकच: ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप.

आधी अडचण समजून घेऊ. मोबाइलची फाइल दाबून लहान केलेली असते. एडिटिंग करताना तिची फ्रेम उलगडून रॅममध्ये ठेवावी लागते. फोर-के चित्रणाची एक फ्रेम उलगडली की साधारण ३३ एमबी होते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ८०० एमबीच्या वर. त्यात वीस तासांचे चित्रण एकाच प्रोजेक्टमध्ये ओतले, तर प्रोग्रॅम बंद पडणारच.

उपाय पैशाचा नाही, शिस्तीचा आहे. एक, प्रॉक्सी म्हणजे हलकी प्रत बनवा. ९६० बाय ५४० ची फ्रेम फोर-केच्या सोळाव्या हिश्श्याची असते. कापाकापी तिच्यावर करा, अंतिम रेंडर मूळ फाइलवरून. केडेनलाइव्हसारख्या मोफत प्रोग्रॅममध्येही ही सोय आहे. दोन, एका मुलाखतीला एक प्रोजेक्ट. प्रत्येक भाग उत्तम दर्जात रेंडर करा आणि शेवटी तयार भाग नव्या प्रोजेक्टमध्ये जोडा. तीन, जुने फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणे मोठ्या आकारात स्कॅन केलेली असतात. व्हिडिओत लागतील तेवढीच लहान करून घ्या. चार, काम करताना ब्राउझर बंद ठेवा. पाच, मूळ चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर, गाव आणि तारीख लिहून ठेवा. प्रॉक्सी पुन्हा बनते. गेलेल्या माणसाची साक्ष पुन्हा मिळत नाही.

तुकडे करणे म्हणजे काम लहान करणे नव्हे. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडाखंडानेच प्रसिद्ध केली. एका खंडात मावले नाही, म्हणून कोणी काम थांबवले नाही.

१९२० साली 'मूकनायक' काढताना बाबासाहेबांनी साधनांच्या सुबत्तेची वाट पाहिली नव्हती. आपल्या हातात तर मोबाइल आहे. नव्या लॅपटॉपसाठी थांबाल, तर मशीनची मेमरी वाढेल, पण सांगणारी माणसे तोवर राहणार नाहीत. या आठवड्यात आपल्या वस्तीतील एका वडीलधाऱ्या माणसासमोर बसा आणि एक तास चित्रित करा.

जयभीम!