खोलीही रेकॉर्ड होते

घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यात गाणाऱ्याइतकीच त्याची खोली ऐकू येते. स्टुडिओत भिंतींचा आवाज पैसे खर्चून काबूत आणलेला असतो. घरात तो फरशी, कपाट, पंखा आणि शेजारी मिळून ठरवतात. इंडी रॉकने ही उणीव फारशी लपवली नाही, बऱ्याचदा मिरवलीच. 'इंडी' म्हणजे इंडिपेंडन्ट. या शब्दाचा मूळ संबंध सुरावटीशी नव्हता, व्यवहाराशी होता: मोठ्या कंपनीच्या पैशाविना, छोट्या लेबलकडून किंवा पदरमोड करून काढलेली रेकॉर्ड. पैसा नसला की स्टुडिओचे तास परवडत नाहीत, आणि मग घर आठवते.

त्यासाठी लागणारे यंत्र १९७९ साली आले. जपानच्या टीॲक कंपनीने टॅस्कॅम या नावाखाली काढलेला पोर्टास्टुडिओ १४४ साध्या कॅसेटवर चार ट्रॅक टिपत असे. एरवी कॅसेटच्या दोन बाजूंना दोन-दोन ट्रॅक असतात; या यंत्राने चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले आणि टेप दुप्पट वेगाने पळवली. साठ मिनिटांच्या कॅसेटवर त्यामुळे जेमतेम पंधरा मिनिटे मावत. पण तेवढ्यात एकटा माणूस आधी गिटार, तिच्यावर दुसरी गिटार, मग गाणे, मग कोरस असे थर चढवू शकत होता. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात याच यंत्रावर नव्या गाण्यांचे कच्चे नमुने टिपले. पुढे बँडला घेऊन स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली, पण ती मनासारखी उतरेनात. अखेर घरची कॅसेटच त्या सप्टेंबरात 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. स्प्रिंगस्टीन काही इंडी नव्हे, तो बड्या कंपनीचा कलाकार. तरीही घरी माइक लावून बसणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्याचा दाखला देतो, बहुधा आपला टेक बिघडल्यावर.

परंपरेतले खरे घर शोधायचे तर ओहायो राज्यातल्या डेटन शहरात जावे लागते. तिथल्या गाइडेड बाय व्हॉइसेस या बँडचा म्होरक्या रॉबर्ट पोलार्ड चौथीच्या वर्गाचा शिक्षक होता. १९९४ च्या 'बी थाउजंड' या अल्बममध्ये वीस गाणी आहेत आणि सगळी मिळून छत्तीस-सदतीस मिनिटांत संपतात. बरीचशी तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये चार ट्रॅकवर टिपलेली. पहिल्याच गाण्यात एक गिटार मध्येच गायब होते. दुसऱ्या कुणी तो ट्रॅक पुन्हा वाजवला असता. इथे तो तसाच राहिला, आणि आता ती गिटार गायब झाली नाही तर ऐकणाऱ्याला चुकल्यासारखे वाटेल.

महाराष्ट्रात रॉकचा चाहता तयार झाला तो मात्र मैदानात. मुंबईत १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव आणि धोबी तलावाजवळचे खुले रंगभवन ही जोडी एका पिढीच्या तोंडी होती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद केले आणि रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येऊ लागला. सभोवती रुग्णालये आणि कॉलेज असलेल्या रंगभवनातले उघड्यावरचे कार्यक्रम पुढे थांबले. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणी आवारात ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब उघडला, २०१६ पर्यंत चालला. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात पहिला 'एनएच७ वीकेंडर' महोत्सव झाला. रंगभवनातले बँड बहुतेक दुसऱ्यांची गाणी वाजवत. वीकेंडरला पोरे आपल्याच देशातल्या बँडची, त्यांनी स्वतः रचलेली गाणी पाठ करून आलेली होती. प्रस्तुत लेखक त्या गर्दीत होता आणि त्याच्या घरच्या रेकॉर्डिंगचे सगळे खूळ तिथून सुरू झाले, म्हणून पुढचे विवेचन काहीसे एका खोलीपुरते आहे.

मैदानातला आवाज कानाने कमी आणि छातीने जास्त ऐकला जातो. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते, आणि एवढी हवा ढकलायला माणसापेक्षा उंच स्पीकरांच्या रांगा लागतात. ड्रमचा किक बरगडीत लागतो तो याच कारणाने. कार्यक्रमातला आवाज सहज शंभर डेसिबलवर जातो; कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेत सुचवलेल्या मर्यादेप्रमाणे इतक्या आवाजात पंधरा मिनिटांहून जास्त थांबू नये. चाहते तीन तास थांबतात आणि रात्री घरी येऊन कानातली शिटी थांबण्याची वाट पाहत पडतात. मोबाइलवर टिपून आणलेले गाणे दुसऱ्या दिवशी ऐकले की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखे निघते, कारण त्या चिमुकल्या माइकला एवढा दाब झेपत नाही. घरी रेकॉर्ड करू पाहणारा नवखा नेमके हेच करायला जातो: मैदान खोलीत आणू पाहतो.

खोली दहा बाय अकरा. बाल्कनी बंद करून वाढवलेल्या फ्लॅटांत असते तशी, एका भिंतीला गोदरेजचे कपाट, दुसऱ्या भिंतीला दिवाण. सामान फार लागत नाही: लॅपटॉप, गिटार आणि माइक जोडायला दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, बंद हेडफोन. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो इंटरफेसच देतो. पण असा माइक इतका चोखंदळ असतो की खालच्या चौकातली रिक्षासुद्धा गाण्यात येते. भारतीय घरात साधा डायनॅमिक बरा. तो तोंडाजवळ धरून गायले की आवाजाला खर्जाची गुबगुबी येते, आणि जवळचा आवाज मोठा मिळाल्यामुळे लांबचे जग आपोआप बारीक होते.

पहिले संकट विजेचे. गिटार जोडली की हेडफोनमध्ये घुंऽऽ सुरू होते. त्यातले काही ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचे आणि काही पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचे. तो रेग्युलेटर विजेची लहर कापून वेग कमी करतो, आणि कापलेल्या लहरीचा चरचराट गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप रेडिओसारखा पकडतो. पंखा पाचावर ठेवला तर चरचर कमी होते, पण वारा माइकवर येतो. दुसरा उपाय पंखा बंद करण्याचा. एप्रिलात तो करणाऱ्याचा टेक सहसा लांबत नाही. उरलेली घुरघुर लॅपटॉपच्या चार्जरमधून येते. प्लगला अर्थिंगची पिन नसेल, किंवा भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंग नावापुरतीच असेल, तर ती हमखास येते. चार्जर उपसून बॅटरीवर रेकॉर्ड केले की घुरघुर एकदम थांबते. हा शोध प्रस्तुत लेखकाला तीन केबल बदलल्यानंतर लागला.

मग खोली. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लहर नेमकी बसते, आणि बास गिटारची मोकळी 'ए' तार ५५ हर्ट्झला वाजते. त्यामुळे अशा खोलीत 'ए' वाजला की भिंतींसकट घुमतो आणि शेजारचे स्वर दुबळे वाटतात. दोष हाताचा नसतो, पण वाजवणारा महिनाभर हातालाच शिव्या घालतो. बास सरळ इंटरफेसला जोडून हेडफोनवर ऐकला की हा घोळ टळतो. आवाजासाठी मात्र खोली टाळता येत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्यांनी वरच्या पट्टीतला थोडा चणचणाट कमी होतो. बाहेरचा आवाज आत यायचा तेवढा येतोच, कारण आवाज अडवायला वजन लागते आणि ट्रेला वजन नसते. शिवाय झुरळे होतात. त्यापेक्षा कपाट उघडून लटकत्या कपड्यांकडे पाठ करावी आणि समोर दोरीवर गोधडी टाकावी. माइक ज्या दिशेला तोंड करतो तिथला, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागचा, प्रतिध्वनी मारणे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या लुगड्यांची, सात-आठ थरांची गोधडी बाजारातल्या पातळ फोमपेक्षा कांकणभर सरसच ठरते.

वेळेचा प्रश्न संगणकात असतो तसा घरातही असतो. संगणक आवाज तुकड्यांत हाताळतो. १०२४ नमुन्यांचा एक तुकडा भरायला, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशोबाने, सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. गाणाऱ्याला आपलाच आवाज आठ मीटरवरून आल्यासारखा ऐकू येतो आणि तो ताल सोडतो. तुकडा १२८ चा केला की हाच उशीर तीन मिलिसेकंदांवर येतो. लॅपटॉप जुना असेल तर मग तडतडतो. घरातली वेळ इतक्या सहज बदलत नाही. सकाळी अकराला तिसरे कडवे मनासारखे लागत असताना दारातून विचारणा होते, "झालं का रे? कुकर लावते." थांब म्हणावे तर जेवण लांबते, लाव म्हणावे तर तीन शिट्ट्या. दुपारी दोन ते चार हा खरा स्टुडिओ. गणपतीच्या आधीचे महिना-दीड महिना संध्याकाळी काहीच होत नाही: नदीकाठी ढोलपथकांचा सराव चालतो, आणि ढोलाचा खर्ज गोधडी, कपाट, विटांची भिंत यांतल्या कशालाच जुमानत नाही. एका गाण्याच्या शेवटी तो राहिला आहे. काढायचा प्रयत्न केला तेव्हा बासही गेला, म्हणून ठेवला.

दुपारी, दारे लावून, वरच्या मजल्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने गायलेल्या गाण्याची एक वेगळीच जात होते. आवाज खाली, जवळ, जवळजवळ कानात. घरगुती इंडीतला तो कुजबुजता सूर पुष्कळदा शैली म्हणून वाखाणला जातो. त्यातला किती शैलीचा आणि किती शेजाऱ्यांचा, हे गाणाऱ्यालाच ठाऊक. मिक्स करताना तो आवाज वर उचलता येतो, कारण त्याच्याशी भांडायला खोलीत दुसरे कोणी नसते. सगळे ट्रॅक एकमेकांसाठी जागा सोडतात; नाही सोडली तर ईक्यूने, म्हणजे खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करून, सोडवता येते. शेवटची परीक्षा मोबाइलच्या स्पीकरवर. तिथे ५५ हर्ट्झचा बास मुळीच वाजत नाही, त्यामुळे बासला थोडा खरखरीतपणा देऊन त्याच्या वरच्या पट्टीतल्या छटा ऐकू येतील असे करावे लागते.

असे गाणे रंगमंचावर नेले की उलटा प्रवास सुरू होतो. पुण्यातल्या एका कॅफेत, चाळीसेक माणसांसमोर, प्रस्तुत लेखकाच्या बँडने घरी टिपलेले पहिले गाणे वाजवले. कुजबुजता आवाज ड्रमपुढे टिकेना. साउंडवाल्याने माइक वाढवला, तसा मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरून किंकाळी निघाली. कमी केला तर गाणे बुडाले. माइक मोठा करण्याला मर्यादा असते, गळा मोठा करण्यालाच वाव असतो, आणि घरच्या पट्टीत गळा मोठा होत नव्हता. पुढच्या कार्यक्रमाला ते गाणे गिटारच्या तारा दाबणारा कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावून, तीन अर्धस्वर वर चढवून, ओरडून म्हटले. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ते अजून खालच्याच पट्टीत आहे.