मुदतीचा पासवर्ड
मी फ्रीलान्सर. लॅपटॉप माझा, सर्व्हर त्यांचा. ऑफिसच्या डोमेनला आपली मशीन्स ठाऊक असतात. माझ्या लॅपटॉपला तिथे कोण विचारतो? म्हणून आयटीवाल्यांनी माझ्या नावाचं मुदतीचं अकाउंट काढलं आणि व्हीपीएनच्या ग्रुपात टाकलं. आता घरून लॉगिन केलं की गेटवे रेडियस सर्व्हरला विचारतो, तो डिरेक्टरीत बघतो. पासवर्ड बरोबर? ग्रुपात आहे? मुदत बाकी आहे? वर मोबाइलवरचा, दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड! पासवर्ड संपत आल्याची सूचना डोमेनबाहेरच्या लॅपटॉपवर सहसा येत नाही, म्हणून ती तारीख मी फ्रिजवर चिकटवलीय. शेजारी दुसरी तारीख, कॉन्ट्रॅक्ट संपण्याची. त्या दिवशी कुणी 'या आता' म्हणणार नाही. नुसतं लॉगिन होणार नाही.